कोकणच्या शेतकऱ्याचे वर्ष

पंचांगातील वर्ष चैत्र शुद्ध प्रतिपदेला सुरू होते. सरकारी कचेऱ्यांचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते आणि शाळेचे वर्ष जून महिन्यात. परंतु कोकणातील लहान शेतकऱ्याचे वर्ष यांपैकी कोणत्याच दिवसाची वाट पाहत नसे. शिमग्याचे ढोल थांबले, फाल्गुन सरत आला, की गावोगावच्या शेतांतून धुराचे लोट वर चढू लागत. तो धूर दिसला म्हणजे शेतीचे नवे वर्ष लागले असे समजावे.

कोकण म्हणजे सह्याद्री आणि अरबी समुद्र यांच्यामधील चिंचोळी पट्टी. येथे वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. जमीन उताराची, आणि खाली सच्छिद्र जांभा दगड. त्यामुळे पडलेले पाणी ओढ्यानाल्यांतून वेगाने समुद्राला मिळते आणि वैशाखात त्याच गावातील विहिरींचा तळ दिसू लागतो. चार महिन्यांच्या पावसावर बारा महिन्यांचे अन्न कसे पिकवावे, हाच येथील शेतकऱ्यापुढील मुख्य प्रश्न होता. त्याचे सारे वर्ष या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यात जाई.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यात साधारण शेतकऱ्याच्या वाट्याला तीन प्रकारची जमीन येई. (या जिल्ह्याच्या दक्षिण भागाचा १९८१ साली स्वतंत्र सिंधुदुर्ग जिल्हा झाला.) अगदी खाली, ओढ्याच्या काठी, मळ्याची सखल जमीन असे. तिच्या वरच्या अंगाला डोंगराच्या पायथ्याशी पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारे लहान लहान कुणगे असत. त्यांचे बांध जांभ्या दगडांनी रचलेले असत आणि ते रचण्यात कित्येक पिढ्यांचे श्रम खर्ची पडलेले असत. त्याहून वर डोंगरउतारावर वरकस जमीन असे. या तिन्हींच्या जोडीला घराभोवतीचे परसू असे. त्यात चार माड, एखादा फणस, रातांब्याचे झाड, केळी, अळू आणि मांडवावर चढवलेले पडवळ-दोडक्याचे वेल असत.

कोणत्या जमिनीत काय पेरावे हे ठरलेले होते आणि त्यामागे मोठा विचार होता. भाताचे हळवे, निमगरवे आणि गरवे असे तीन प्रकार आहेत. हळवे भात साडेतीन महिन्यांच्या आसपास तयार होते. गरव्या भाताला सुमारे पाच महिने लागतात. निमगरवे या दोहोंच्या मध्ये येते. वरच्या कुणग्यांतील पाणी पाऊस थांबताच ओसरते. म्हणून तेथे हळवे भात लावीत. खालच्या मळ्यात ओल उशिरापर्यंत टिकते. म्हणून तेथे गरवे भात लावीत. पाऊस लवकर गेला तर गरव्या भाताचे नुकसान होई, पण तोवर हळवे भात घरात आलेले असे. पाऊस लांबला तर उभे हळवे भात आडवे होई, पण गरवे भरघोस येई. सारेच पीक एका वेळी हातचे जाऊ नये, यासाठी केलेली ही तजवीज होती. पाटणी, मुणगा, बेळा, सोरटी, वालय ही भाताच्या जुन्या वाणांची काही नावे जुन्या शेतकऱ्यांच्या तोंडी असत.

वरकस जमिनीत भात होत नाही. तेथे पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी, तिसऱ्या वर्षी तीळ किंवा कारळे घेत आणि मग काही वर्षे ती जमीन गवताला सोडून देत. उताराच्या उथळ मातीतील कस दोनतीन पिकांनी संपतो. तो पुन्हा येण्यास जमिनीलाही विश्रांती लागते, हे अनुभवाने कळलेले होते.

आता एक हिशेब करून पाहू. घरात सहा माणसे आहेत आणि प्रत्येकाला रोज सरासरी अर्धा किलो तांदूळ लागतो असे धरले, तर रोजचे तीन किलो आणि वर्षाचे सुमारे १,१०० किलो तांदूळ होतात. १९५०-५१ साली भारतात एका हेक्टरात, म्हणजे अडीच एकरांत, सरासरी ६६८ किलो तांदूळ पिकत असे. तेव्हा या सरासरीने पूर्ण हेक्टरभर जमीन असली, तरी घरचा तांदूळ सात महिन्यांच्या पलीकडे पुरत नसे. कित्येकांपाशी तर हेक्टरभरही जमीन नव्हती. कोकणातला पाऊस भरवशाचा, म्हणून पीक काहीसे अधिक आले असे मानले, तरी त्यातून बियाणे आणि देणी वजा करावी लागत. उरलेल्या महिन्यांची तोंडमिळवणी कशी होत असे, हे त्याच्या वर्षभराच्या कामांकडे पाहिल्यावर कळते.

वर्षाचे पहिले काम भाजावळीचे. भाताची रोपे आधी एका लहान तुकड्यात तयार करतात. त्या तुकड्याला दाढ म्हणतात व त्यातील रोपांना तरवा. लावणीच्या क्षेत्राच्या साधारण एकदशांश जागा दाढीसाठी पुरते. फाल्गुन-चैत्रात या जागेवर वाळलेले शेण पसरीत. त्यावर झाडांची टहाळे, त्यावर गवत आणि पातेरा, आणि सर्वांवर बारीक मातीचा थर देत. मग तो सारा राब वाऱ्याच्या विरुद्ध बाजूने पेटवीत. तसे केल्याने आग धावत सुटत नाही, हळूहळू सरकते आणि खालची माती चांगली भाजून निघते. या उष्णतेने तणाचे बी मरते, किडींची अंडी नष्ट होतात, माती भुसभुशीत होते आणि राखेतून रोपांना पोषक द्रव्ये मिळतात. पद्धत गुणाची खरी. परंतु तिच्यापायी दरवर्षी ऐन-किंजळीसारखी झाडे छाटली जात आणि डोंगर उघडे पडत. म्हणून आता शेतीतज्ज्ञ राब भाजण्याऐवजी दाढीत भाताच्या तुसाची राख मिसळावी आणि बांधावर गिरिपुष्पाची झाडे लावून त्यांचा पाला खत म्हणून चिखलात गाडावा, असे सांगतात.

चैत्र-वैशाख हे विश्रांतीचे महिने आहेत असे पाहुण्याला वाटे. घरच्या माणसांना मात्र या दिवसांत क्षणाची उसंत नसे, कारण आगोट जवळ येत असे. पावसाळ्याच्या आरंभाला कोकणात आगोट म्हणतात. एकदा पाऊस सुरू झाला की समुद्र खवळे, गलबते व आगबोटी बंद होत, ओढ्यांना पूर येत आणि वाटा चिखलात बुडत. तेव्हा चार महिने लागणारी प्रत्येक वस्तू त्यापूर्वीच घरात असावी लागे. सरपण फोडून पडवीत रचीत. शेणी थापून वाळवीत. ज्यांचे घर गवताचे, ते नव्याने शाकारीत. ज्यांचे कौलारू, ते कौले परतून घेत. मातीच्या भिंती पावसाच्या सपकाऱ्याने ढासळू नयेत म्हणून माडाच्या झावळ्यांचे झाप विणून त्यांना बाहेरून बांधीत. मीठ, मिरची आणि सुकी मासळी मडक्यांत भरून ठेवीत.

याच सुमारास परसवातील फळांचीही कामे निघत. रातांब्याची साल त्याच फळांच्या आंबट रसात पुनःपुन्हा बुडवून उन्हात वाळवीत. ती झाली आमसुले. आतील बियांपासून घट्ट तेल काढीत. त्याला मुठेल म्हणतात. आंब्याच्या रसाची पोळी, फणसाच्या रसाची साठे उन्हात वाळत. फणसाच्या आठळ्यादेखील टाकीत नसत. त्या पावसाळ्यात भाजून किंवा उकडून खाण्यासाठी मातीत अथवा राखेत घालून ठेवीत. ज्या महिन्यांत अन्न थोडे, त्या महिन्यांसाठी ज्या महिन्यांत अन्न पुष्कळ तेव्हा सोय करून ठेवावी, हा या घराचा नियम होता.

शेतकरी दिवस मोजतो ते नक्षत्रांवर. मे महिन्याच्या २५ तारखेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि ७ किंवा ८ जूनला मृगात. मृगाच्या आगेमागे दाढीची पेरणी होते. काही ठिकाणी पाऊस येण्यापूर्वीच कोरड्या मातीत बी पेरून ठेवतात. तिला धूळवाफ पेरणी म्हणतात. ती केली तर पहिल्याच पावसात बी रुजते आणि मोलाचे आठ दिवस वाचतात. मात्र पाऊस एकदा पडून गडप झाला तर कोवळे अंकुर करपून जातात. अशा वेळी दुसऱ्यांदा पेरायला घरात बी आहे की नाही, यावर वर्षाचे भवितव्य अवलंबून राही. म्हणून शहाणा शेतकरी सगळे बी एकदम मातीत टाकीत नसे.

रोपे तीन आठवड्यांची झाली की लावणी सुरू होते. हे आर्द्रा आणि पुनर्वसू नक्षत्रांचे, म्हणजे २१ जूननंतरचे दिवस. या दिवसांत पाऊस कोसळत असतो आणि ओढे दुथडी भरून वाहत असतात. आधी पाण्याने भरलेल्या शेतात नांगर फिरवून चिखल करतात. या चिखलणीचा उपयोग काय, असे कोणी विचारील. सच्छिद्र मातीत पाणी ठरत नाही. पण ती पाण्यात मळली की तिचे बारीक कण खालची छिद्रे बुजवतात आणि शेतात पाणी साचून राहते. साचलेल्या पाण्यात बहुतेक तणे गुदमरतात, भात मात्र जोमाने वाढते. शिवाय लावलेले रोप आधीच वीतभर वाढलेले असते. त्यामुळे नंतर उगवणाऱ्या तणाला त्याची बरोबरी करता येत नाही.

लावणीच्या दिवसांत घरात स्वयंपाकापुरते आणि तान्ह्या मुलापुरते माणूस मागे राही. पुरुष घोंगडी पांघरून नांगर धरीत. स्त्रिया पाठीवर इरले घेऊन दिवसभर वाकून रोपे लावीत. बांबूच्या कामट्यांवर पाने बसवून केलेले हे इरले डोके आणि पाठ झाकते, पण दोन्ही हात मोकळे ठेवते. छत्रीने ते काम होत नाही. मुले तरव्याच्या जुड्या बांधावरून पोचवीत. रोपे दाढीत जास्त दिवस राहिली तर त्यांना फुटवे कमी येतात. म्हणून लावणी थोड्या दिवसांत उरकावी लागे आणि ती एका घराच्या मनुष्यबळाने उरकत नसे. मग आज सर्वांनी एकाच्या शेतात आणि उद्या दुसऱ्याच्या शेतात जावे असा प्रघात होता. यालाच सावड म्हणत. मजुरी कोणी देत नसे आणि मागतही नसे. दिवसाची फेड दिवसाने होई. ज्याच्या घरी आजारपण असे, त्याचे शेतही पडीक राहत नसे.

दिवसच्या दिवस चिखलात उभे राहून पायांची बोटे कुजत आणि टाचांना भेगा पडत. रात्री चुलीपाशी बसून त्यांवर मुठेल चोळीत. वैशाखात काढून ठेवलेले तेल आषाढात असे कामी येई.

लावणी संपली की बेणणी, म्हणजे तण काढणे, हे श्रावणातले काम. पाहणाऱ्याला श्रावण महिना मोठा रमणीय दिसतो. शेते हिरवीगार झालेली असतात आणि मधूनच ऊन पडत असते. परंतु लहान शेतकऱ्याच्या घरात हाच महिना सर्वांत कठीण जाई. मागच्या वर्षीचे भात संपत आलेले आणि नवे अजून पोटरीतही आलेले नसे. घरातील कर्ती स्त्री रोज कणगीत हात घालून किती उरले आहे याचा अंदाज घेई आणि त्या मानाने भाताच्या जागी पेज करी. सकाळी नाचणीची भाकरी किंवा आंबील, दुपारी पेज आणि कुळथाची पिठी, असा क्रम ठरून जाई. या दिवसांत निसर्गाचीही मदत होई. टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी अशा रानभाज्या पहिल्या पावसापासून बांधावर आणि डोंगरावर उगवत. पावसाच्या आरंभी ओढ्यांतून चढणीचे मासे येत आणि शेतात खेकडे मिळत. कोणती भाजी केव्हा तोडावी, कोणती उकळून पाणी काढल्यावाचून खाऊ नये, हे आजीकडून नातीला कळे. त्या विद्येवर कित्येक घरांनी हे कठीण महिने पार पाडले.

भाद्रपदात गणपती येतो. कोकणात गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगून तिला त्या ऋतूतील रानफळे, रानफुले, नारळ, सुपारीचे घड आणि वेली बांधतात. तिला माटवी म्हणतात. ती सजवण्यासाठी मुले रान धुंडाळीत आणि ते करता करता प्रत्येक वनस्पतीचे नाव शिकत. याच सुमारास हळव्या भाताला लोंब्या येऊ लागत, तेव्हा पाखरांपासून आणि रानडुकरांपासून पीक राखावे लागे. दिवसा मुले डबे वाजवून पाखरे उडवीत. रात्री माळ्यावर बसून मोठी माणसे राखण करीत.

आश्विनात कापणी सुरू होते. पहिल्या दाण्याचा मान मोठा असे. आश्विनी पौर्णिमेला कोकणात नवान्न पौर्णिमा म्हणतात. भाताच्या लोंब्या, नाचणीचे कणीस, आंब्याचे पान, कुर्डूचे फूल यांची जुडी करून ती घराच्या दाराला, कणगीला आणि नांगराला बांधीत. यास नवे बांधणे म्हणत. मगच घरची माणसे नव्या तांदळाचा भात खात. दिवाळीला याच नव्या भाताचे पोहे कांडीत आणि त्यांचे गोडाचे व तिखटाचे अनेक प्रकार करीत. श्रावणातील पेज आठवत असलेल्या मुलांना त्या पोह्यांची गोडी किती वाटत असेल, याची कल्पना सहज करता येईल.

कापलेले भात दोन दिवस शेतात सुकवून त्याचे भारे शेणाने सारवलेल्या खळ्यावर आणीत. तेथे पेंढ्या फळीवर किंवा दगडावर आपटून दाणे झोडीत आणि उरलेसुरले दाणे बैल फिरवून मळून काढीत. वारा देऊन पोल वेगळे केले की भाताची रास लागे. ती पायलीने मोजीत. चार शेरांची पायली आणि वीस मणांची खंडी ही जुनी मापे होती.

रास घरात येण्यापूर्वी तिची वाटणी होई. सर्वांत आधी बियाणे बाजूला निघे. त्यासाठी शेतातील सर्वांत चांगल्या लोंब्या आधीच निवडून ठेवलेल्या असत. ते भात कडकडीत वाळवून पेंढ्यात बांधीत आणि त्यावर पेंढ्याचीच दोरी गच्च आवळीत. या गाठोड्याला मुडी म्हणतात. मुडी चुलीच्या वरच्या माळ्यावर ठेवीत. तेथे धुरामुळे कीड लागत नसे आणि ओलही पोचत नसे. श्रावणात कणगी रिकामी झाली, तरी मुडीला कोणी हात लावीत नसे. उसनवार करतील, रानातील कंद खोदून खातील, पण मुडी फोडणार नाहीत. मुडी फोडली तर या वर्षीची भूक भागते आणि पुढच्या वर्षीचे शेत ओसाड राहते, हे घरातील लहान मुलालाही ठाऊक होते.

बियाण्यानंतर सुतार, लोहार, न्हावी यांना त्यांच्या वर्षाच्या कामाचे धान्य मिळे. शेत स्वतःच्या मालकीचे नसेल, तर त्यानंतर खोताचा हिस्सा निघे. कोकणात अनेक गावांत खोती पद्धत होती. कूळ शेत कसी आणि पिकाचा अर्धा किंवा तिसरा हिस्सा खोताला देई. ज्याने वर्षभर चिखल तुडवला, त्याच्या खळ्यावरून निम्मे भात दुसऱ्याच्या घरी जाई. या अन्यायाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्यासाठी विधेयक मांडले. पुढे १९४९ साली खोती रद्द करण्याचा कायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ हा कुळांना जमिनीची मालकी देणारा कृषक दिन ठरला. शेतीची कला कितीही चांगली असली, तरी पिकावर कसणाऱ्याचा हक्क असल्याखेरीज त्याचे पोट भरत नाही, ही गोष्ट या इतिहासावरून स्पष्ट होते.

उरलेले भात कणगीत जाई. बांबूच्या कामट्यांची उंच कणगी आतबाहेर शेणाने सारवलेली असे. लागेल तसे भात काढून ते घिरटावर भरडीत आणि उखळात कांडीत. तीन भाग भातापासून साधारण दोन भाग तांदूळ मिळतो. उरलेला तिसरा भागही वाया जात नसे. कोंडा गुरांना घालीत, कणी पेजेसाठी ठेवीत आणि तूस चुलीत जाळीत. पेंढा उडवी रचून गुरांसाठी वर्षभर साठवीत. गुरे पेंढा खात, त्यांचे शेण दाढीला आणि सारवणाला येई आणि तेच बैल पुन्हा नांगर ओढीत. माडाचेही तसेच होते. खोबऱ्याचे तेल, सोडणाचा काथ्या, करवंटीची डोय, झावळीचे झाप आणि हिरांची केरसुणी असे त्याचे प्रत्येक अंग उपयोगी पडे. घरातून फेकून द्यावे असे फारच थोडे निघे.

भात निघाल्यावर जमीन मोकळी ठेवीत नसत. मळ्याच्या मातीत राहिलेल्या ओलीवरच कार्तिक-मार्गशीर्षात कुळीथ, पावटा, चवळी, मूग पेरीत. त्यांना वेगळे पाणी लागत नाही. रात्रीचे दव आणि जमिनीतील ओल त्यांस पुरते. कडधान्यांच्या मुळांवरील गाठींत राहणारे सूक्ष्मजंतू हवेतील नायट्रोजन मातीत साठवतात, हे शास्त्राने नंतर सांगितले. परंतु कुळथामागून भात चांगले येते, हे शेतकऱ्याने आधीच पाहिले होते. ज्यांच्या शेताला ओढ्याचे पाणी पाटाने आणता येई, ते वायंगण म्हणजे भाताचे दुसरे पीक घेत. पौष-माघात डोंगरावरचे गवत कापणे, बांध दुरुस्त करणे, सरपण आणणे ही कामे चालत. तोवर शिमगा जवळ येई आणि पुन्हा भाजावळीचा धूर दिसू लागे.

असे हे घर अन्नाच्या बाबतीत बरेचसे आपल्या पायांवर उभे होते. पण सर्वस्वी नव्हे. मीठ, कापड, लोखंड, रॉकेल या वस्तू विकत घ्याव्या लागत आणि त्यांना रोख पैसा लागे. भातही वर्षभर पुरत नसे. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहिल्यावर कोकणातील घराघरांतून एकदोन पुरुष तेथे कामाला गेले. त्यांच्या मनीऑर्डरीने आगोटीचा बाजार होई आणि श्रावणातील तांदूळ विकत घेतला जाई. गावाकडील शेती बहुतांशी मागे राहिलेल्या स्त्रियांनी, वृद्धांनी आणि मुलांनी सांभाळली. शेतकऱ्याचे चित्र काढताना नांगर धरलेला पुरुष काढण्याची रीत आहे. कोकणात त्याच्या शेजारी इरले घेतलेली स्त्री काढली नाही, तर ते चित्र अपुरे राहील.

पुढे काळ बदलला. दापोली येथे १९७२ साली कृषी विद्यापीठ स्थापन झाले. सुधारित वाण, खते आणि यंत्रे आली आणि त्याच शेतात पूर्वीपेक्षा अधिक भात पिकू लागले. घिरट आणि उखळ यांची जागा गिरणीने घेतली आणि बऱ्याच ठिकाणी बैलांची जागा यांत्रिक नांगराने. १९९० पासून शासनाच्या फळबाग योजनेमुळे वरकस डोंगरांवर आंबा-काजूच्या बागा उभ्या राहिल्या. दुसरीकडे, माणसे शहरांत गेल्यामुळे कित्येक कुणगे पडीक झाले आणि पूर्वजांनी रचलेले बांध ढासळू लागले. जुन्या जीवनात श्रम फार होते, श्रावणात पोट अर्धे राही आणि अन्यायही होता. ते जसेच्या तसे परत यावे, असे कोणी म्हणणार नाही.

तथापि त्या घराने जपलेल्या काही गोष्टी आजही उपयोगाच्या आहेत. एकाच पिकावर सारे अवलंबून ठेवू नये. जमिनीतून जे घेतले, ते काही रूपाने तिला परत द्यावे. शेजाऱ्याचे शेत लावल्याखेरीज आपले लावून होत नाही, हे ध्यानात ठेवावे. आणि कितीही अडचण आली, तरी पुढच्या वर्षाचे बियाणे या वर्षी खाऊ नये. पाऊस केव्हा येईल आणि किती पडेल हे शेतकऱ्याच्या हाती कधीच नव्हते. चुलीवरची मुडी जपणे मात्र त्याच्या हाती होते, आणि ती त्याने पिढ्यान्‌पिढ्या जपली. म्हणूनच प्रत्येक मृगाला कोकणच्या मातीत पुन्हा भात पेरले गेले.